दोष यंत्राचा नाही, ते बसवून निघून जाणाऱ्यांचा आहे

‘बाहेर उणे आठ असताना त्या हवेतून उष्णता कुठून मिळणार?’

हा प्रश्न मला ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये विचारलाय, बसस्टॉपवर विचारलाय, आणि नाशिकहून आलेल्या व्हिडिओ कॉलवर मामानेही विचारलाय. विचारणाऱ्याला बहुतेक वेळा उत्तर नको असतं. हीट पंप थंडीत चालत नाही, हे त्याचं आधीच ठरलेलं असतं. मला या वाक्याचा राग येतो. एक तर ते चूक आहे. दुसरं, ते ज्यांनी जाब द्यायला हवा त्यांना अलगद सोडवतं.

मी स्टुटगार्टजवळच्या एका गावात भाड्याने राहते. सत्तरच्या दशकातलं दोन मजली घर. खाली घरमालकीण राहतात, वय वर्षं शहात्तर. मी त्यांना रीतीप्रमाणे ‘फ्राऊ’ लावून आडनावाने हाक मारते, मनात मात्र आजीच म्हणते. २०२३ च्या उन्हाळ्यात त्यांनी जुना गॅस बॉयलर काढून हीट पंप बसवला. सरकारी अनुदान मिळालं, तरी उरलेल्या रकमेत त्यांची बरीचशी शिल्लक गेली. त्याच्या मीटरचं बिल आम्ही दोघी घराच्या क्षेत्रफळाप्रमाणे वाटून घेतो.

जानेवारी २०२४ मध्ये एका सकाळी मी खाली गेले, तर आजी स्वयंपाकघरात ओव्हरकोट घालून चहा पीत होत्या. रेडिएटर कोमट. खोलीत सतरा अंश. ‘शेजारी म्हणाले होते,’ एवढंच त्या म्हणाल्या. तक्रार करायचीही त्यांना लाज वाटत होती, जणू चूक त्यांचीच. नोव्हेंबर ते मार्च या पाच महिन्यांत पंपाने ६,८०० युनिट वीज खाल्ली. माझ्या वाट्याचे आले आठशे युरोंच्या वर, म्हणजे पाऊण लाख रुपयांच्या आसपास. गारठून बसायचे पाऊण लाख.

आता आधी त्या प्रश्नाचं उत्तर. मी मेकॅनिकलची इंजिनियर, नोकरी सॉफ्टवेअरमध्ये. आपल्याकडे ही काही नवलाची गोष्ट नाही. शेवटच्या वर्षाला रेफ्रिजरेशनच्या पेपरात सीओपीचं सूत्र घोकून मी चांगले मार्क मिळवले होते. पण मीही पहिले दोन महिने ‘हे यंत्रच फालतू’ म्हणत फिरत होते, हे कबूल करते.

हीट पंप म्हणजे उलटा लावलेला एसी. एसी खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो, हा बाहेरची उचलून आत आणतो. तुमच्या फ्रीजच्या फ्रीझरमध्ये उणे अठरा अंश असतात, तरी फ्रीजची मागची बाजू गरम लागते. ती उष्णता त्या उणे अठरातूनच ओढून काढलेली असते. हल्लीच्या बऱ्याच हीट पंपांत प्रोपेन वापरतात. प्रोपेन साध्या हवेच्या दाबाला उणे ४२ अंशांवर उकळतो. त्याच्या दृष्टीने उणे आठची हवा म्हणजे चुलीवरचा तवा. हवेच्या उष्णतेने त्याची वाफ होते, कॉम्प्रेसर ती वाफ दाबतो, दाबल्यावर ती तापते आणि रेडिएटरच्या पाण्याला उष्णता देते. वीज लागते ती मुख्यतः दाबायला. म्हणून एक युनिट विजेत तीन युनिट उष्णता मिळू शकते. यात जादू नाही. १८५० च्या दशकात ऑस्ट्रियातल्या एबेन्झे इथल्या मिठागारात पेटर फॉन रिटिंगर यांनी याच तत्त्वावर यंत्र उभं केलं होतं.

मात्र या यंत्राची एक अट आहे. पाणी जितकं जास्त गरम मागाल, तितकी वीज जास्त. बाहेर उणे पाच असताना ३५ अंशांचं पाणी हवं असेल, तर सिद्धांताने सीओपीची कमाल मर्यादा ७.७ येते. ५५ अंशांचं हवं असेल, तर ५.५. प्रत्यक्षात यंत्राला याच्या निम्म्याहूनही कमी साधतं. म्हणजे पहिल्या वेळी तीनच्या वर, दुसऱ्या वेळी दोनच्या थोडं पुढे. यंत्र तेच, हवा तीच. फरक फक्त आपण मागितलेल्या पाण्याचा.

फेब्रुवारीत आजींची परवानगी घेऊन मी तळघरात उतरले आणि कंट्रोलरचा मेन्यू उघडला. पाण्याचं तापमान लावलं होतं ५८ अंश, जुन्या बॉयलरला असेल तसंच. रात्री दहाला घर थंड करायचं आणि पहाटे पाचला एकदम तापवायचं, हा टायमरही गॅसच्या जमान्यातलाच. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, बाहेर तीन अंशांच्या खाली पारा गेला की मदतीला नऊ किलोवॅटचा हीटर रॉड सुरू होत होता. हा रॉड म्हणजे आपला बादलीतला रॉड, फक्त मोठा. एक युनिट वीज, एक युनिट उष्णता. पहाटे पाचला जेव्हा सगळं घर एकदम तापवायचं असे, तेव्हा तोच राबत होता. आम्ही हीट पंपाचं म्हणून जे बिल भरत होतो, त्यात मोठा वाटा बादलीतल्या रॉडचा होता.

मग स्वयंपाकघर थंड का? कारण वरच्या मजल्यावरचे रेडिएटर पाणी ओढून घेत होते आणि खालच्याला उरत नव्हतं. प्रत्येक रेडिएटरला किती पाणी जावं याचा हिशेब करून व्हॉल्व्ह लावावे लागतात. पंप बसवणाऱ्यांनी दिलेल्या कागदावर ते काम झाल्याची नोंद होती. व्हॉल्व्हवर मात्र त्याची खूण नव्हती. त्या ठेकेदाराला आजींनी तीन फोन केले. उत्तर एकच: ‘जुनं घर आहे, थंडीत असंच होणार.’

म्हणजे तेच वाक्य. ज्याने काम अर्धवट सोडलं, तोच आता ‘थंडीत हीट पंप चालत नाही’ म्हणत होता. हे वाक्य त्याला किती सोयीचं आहे बघा. निसर्गालाच आरोपी केलं की जाब विचारायला कुणी उरत नाही.

आम्ही दुसरा तंत्रज्ञ बोलावला. त्याने खोलीगणिक उष्णतेचा हिशेब केला, व्हॉल्व्ह लावले, स्वयंपाकघरातला रेडिएटर बदलून जाड, तीन पदरी बसवला आणि रॉड उणे दहाच्या वर सुरूच होणार नाही असं करून ठेवलं. पाण्याचं तापमान मी रोज थोडं थोडं उतरवत नेलं आणि ४३ वर आणून थांबले. रात्रीचा टायमर काढून टाकला. पुढच्या हिवाळ्यात त्याच पाच महिन्यांत मीटर फिरलं ४,७०० युनिट. दोन हिवाळे सारखे नसतात, हे मान्य. पण या वेळी स्वयंपाकघरात एकवीस अंश होते आणि ओव्हरकोट खुंटीवर होता.

‘एका घरावरून काय सिद्ध होतं?’ असं कुणी म्हणेल. ठीक आहे. युरोपात हीट पंपांचं प्रमाण सर्वात जास्त कुठे आहे? नॉर्वे, स्वीडन, फिनलंड. नॉर्वेत साधारण साठ टक्के घरांत हीट पंप आहे. जेमतेम ५५ लाख लोकसंख्येच्या फिनलंडमध्ये दहा लाखांहून जास्त पंप चालतात. थंडीत हे यंत्र चालत नसेल, तर ही माणसं एव्हाना गोठून गेली असती. तिथे वीज स्वस्त आहे आणि बरेचसे पंप पाणी न तापवता थेट खोलीतली हवा तापवतात, हा फरक खरा. पण हा फरक दराचा आणि रचनेचा आहे. जर्मनीतल्या जुन्या घरांतही फ्राउनहोफर संस्थेने वर्षानुवर्षं मोजमाप केलं. हवेवरच्या पंपांची वर्षाची सरासरी ३.१ आली. काही घरं २.५ वर अडकली, काही ३.८ पर्यंत गेली. माझा सगळा राग या दोन आकड्यांमधल्या अंतराबद्दल आहे.

काही घरांना आधी भिंती आणि खिडक्या सुधाराव्याच लागतील, हेही मान्य. पण त्यासाठी आधी कुणीतरी हिशेब करायला हवा. ‘जुनं घर आहे’ हा हिशेब नव्हे.

आता राजकारण. २०२३ च्या फेब्रुवारीत आर्थिक व्यवहार मंत्री रोबर्ट हाबेक यांच्या खात्याच्या हीटिंग कायद्याचा मसुदा फुटला आणि देशभर गदारोळ झाला. सरकार तुमच्या तळघरात घुसून बॉयलर उखडणार, अशी हवा झाली. प्रत्यक्षात चालू बॉयलर चालवायला आणि दुरुस्त करायला परवानगी होती. ८ सप्टेंबर २०२३ ला संसदेत कायदा संमत होईपर्यंत लोक इतके घाबरले होते की कुणी घाईने नवा गॅस बॉयलर बसवला, कुणी आजींसारखा घाईने हीट पंप. त्या वर्षी सुमारे ३ लाख ५६ हजार हीट पंप विकले गेले. पुढच्या वर्षी १ लाख ९३ हजार. या घाईत बसवलेल्या पंपांकडे पुन्हा वळून कोण बघणार होतं?

कायद्यात त्याची सोय आहे. २०२४ पासून बसवलेल्या हीट पंपाची एक पूर्ण हिवाळा गेल्यावर तपासणी करायची: पाण्याचं तापमान, रॉडचा वापर, व्हॉल्व्ह, सगळं. पण ही सक्ती फक्त सहा किंवा जास्त घरांच्या इमारतींना. ज्या घरात एक म्हातारी आणि एक भाडेकरू राहतात, त्या घराला नाही. ज्यांच्याकडे व्यवस्थापक आणि वकील असतात त्यांची तपासणी होणार, आणि आजींनी शेजाऱ्यांचे टोमणे ऐकायचे.

दुसरी गोष्ट दराची. इथे घरगुती वीज गॅसच्या साधारण तिप्पट महाग आहे. सीओपी दोनवर अडकलेला पंप गॅसपुढे हरणारच, तीनच्या वर गेलेला जिंकू लागतो. म्हणजे व्हॉल्व्ह लावायचा आळस कुणा एकाचा, पण तोटा थेट दुसरीच्या खिशातून. आणि देशात निम्म्याहून जास्त लोक भाड्याच्या घरात राहतात. बहुतेकांनी यंत्र निवडलेलं नसतं, मेन्यूला हात लावायची मुभा नसते, फक्त बिल येतं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. अनुदानाचे शेवटचे पैसे पंप बसवल्यावर देऊ नका. पहिला हिवाळा सरल्यावर, किती वीज आत गेली आणि किती उष्णता बाहेर आली, हे दोन आकडे बघून द्या. हे आकडे आजच्या बऱ्याच पंपांत आपोआप नोंदले जातात. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही कोड चालवून न बघता ‘काम झालं’ म्हटलं, तर कुणी ऐकून घेत नाही. ज्यावर माणसांची ऊब अवलंबून आहे, तिथे मात्र सही पुरते.

तुम्ही पुण्यात किंवा नाशकात बसून हे वाचत असाल, तर तुमच्या बाथरूममध्येही हाच रॉड आहे. गीझरमध्ये. तिथली हवा उणे आठ नाही, कडाक्याच्या पहाटेही बहुधा शून्याच्या वरच आहे. हीट पंपावर पाणी तापवणं तिथे इथल्यापेक्षा किती तरी सोपं. उद्या ते घरोघरी विकायला येतील आणि काही जण ते उन्हात, कोपऱ्यात, कसंही लटकवून निघून जातील. तेव्हा ‘आपल्याकडे हे चालत नाही’ म्हणणाऱ्याला आधी विचारा, मीटर बघितलं का?

आजी आता दर रविवारी तळघरात उतरतात आणि दोन्ही आकडे वहीत लिहितात. शेजारच्या काकांनी परवा विचारलं, पंप कसा चाललाय? आजींनी काही न बोलता वही पुढे केली.