तार गेली, दुरुस्तीची किल्ली कोणाकडे?

कापसाच्या हंगामात वर्धा-हिंगणघाट मार्गावर तुडुंब भरलेल्या ट्रकमागे अडकलेला मोटारचालक समोरचा रस्ता मोकळा दिसताच ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबतो. नेहमीच्या गाडीत तो क्लच दाबून खालचा गिअर टाकतो आणि पुढे निघतो. ऑटोमॅटिक गाडीत हा निर्णय गाडीने घ्यायचा असतो. तो क्षणभर उशिरा झाला, तर समोरून येणारे वाहन थांबून राहत नाही. चालकाला किती जोर हवा आहे, हे गिअरपेटीला कळावे कसे, हा या साऱ्या यंत्रणेतील कळीचा प्रश्न होय.

अनेक दशके या प्रश्नाचे उत्तर एक दांडी किंवा तार देत असे. जनरल मोटर्सने १९३९ मध्ये अमेरिकेत आणलेल्या 'हायड्रामॅटिक' गिअरपेटीत थ्रॉटलपासून निघालेला सांधा थेट आतल्या झडपेपर्यंत पोहोचत होता. पायाचा दाब वाढला की त्या झडपेमागचा तेलाचा दाबही वाढे. दुसऱ्या बाजूने गाडीच्या वेगानुसार वाढणारा गव्हर्नरचा दाब असे. या दोन दाबांच्या रस्सीखेचीत वेगाची सरशी झाली की वरचा गिअर पडे आणि पायाची झाली की खालचा. पुढे बऱ्याच गाड्यांत दांड्यांची जागा पोलादी तारेने घेतली, तत्त्व मात्र तेच राहिले. काही गिअरपेट्यांत हीच तार क्लचपट्ट्या घट्ट धरणाऱ्या तेलाचा दाबही ठरवीत असे. ती काही मिलिमीटर सैल पडली तरी गिअर लवकर बदलत, पट्ट्या घसरत आणि अखेर जळत. उलट ती अधिक ताणली गेली, तर गिअर उशिरा आणि गचका देत पडे. हजारो रुपयांचे नुकसान एका पान्याने टळू शकत होते, मात्र तो पाना कुठे लावायचा हे ठाऊक असलेला मिस्त्री जवळ हवा.

भारतात अशा गाड्या थोड्याच धावल्या. नव्वदच्या दशकातील मारुती झेनची ऑटोमॅटिक आवृत्ती हे त्यातले परिचित नाव. चित्र पालटले ते २०१४ मध्ये, मारुतीच्या सेलेरिओने एएमटी तंत्र सामान्यांच्या किमतीत आणले तेव्हा. यात गिअरपेटी नेहमीचीच असते. क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम संगणकाच्या हुकमाने चालणारी यंत्रणा करते. पाय आणि इंजिन यांच्यात तारच उरत नाही. पेडलखालचा संवेदक विजेचा संदेश देतो आणि गिअर बदलताना चालकाचा पाय दाबलेला असला तरी संगणक इंजिनाचा जोर क्षणभर कमी करतो. जुन्या तारेला हे कधीच जमले नसते. तेव्हा तारेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. नवी यंत्रणा क्लचची झीज ओळखून स्वतःला जुळवून घेते. शिवाय ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाल्यावर येळाकेळी आणि विरूळ येथून जिल्ह्यातील वाहने लांब पल्ल्याच्या वेगवान प्रवासाला लागली. अशा प्रवासात ऑटोमॅटिकचा मोह स्वाभाविकच आहे.

अडचण आहे ती दुरुस्तीची. एएमटी गाडीचा क्लच बदलणे कोणत्याही कसबी मिस्त्रीला जमेल; पण बदललेल्या क्लचची ओळख संगणकाला नव्याने करून द्यावी लागते आणि त्यासाठी स्कॅनर व त्यातले योग्य सॉफ्टवेअर लागते. गाडीतील ओबीडी जोडणीतून प्रदूषणाशी निगडित दोष कोणत्याही साध्या उपकरणाला वाचता येतात. गिअरपेटीच्या जुळवणीची दारे मात्र कंपनीच्या किल्लीनेच उघडतात. किल्ली नसेल तर आष्टी किंवा कारंजा तालुक्यातील बंद पडलेली गाडी गावातल्या गॅरेजवरून पुढे ओढत नेण्यावाचून गत्यंतर नाही.

हा प्रश्न देशाच्या व्यासपीठावर आलेला नाही असे नव्हे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना एकूण सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि निदानाची उपकरणे स्वतंत्र गॅरेजांना खुलेपणाने मिळू न देणे, हा त्यांच्यावरील मुख्य ठपका होता. डिसेंबर २०१६ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने तीन कंपन्यांच्या अपिलांत निष्कर्ष कायम ठेवून दंड घटवला. पुढे केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या कक्षेत वाहन क्षेत्रही घेतले आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला पोर्टल सुरू केले. पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. त्यावर संपर्क क्रमांक सापडेल, संगणकाचे कुलूप उघडणार नाही.

वर्ध्याला हा वाद परका वाटू नये. गांधीजींच्या अखिल भारतीय चरखा संघाने १९२९ मध्ये सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. यंत्राची किंमत दीडशे रुपयांवर जाऊ नये, ते वीस वर्षे टिकावे आणि दुरुस्तीचा खर्च अल्प असावा, अशा त्याच्या अटी होत्या. बक्षीस कोणालाच मिळाले नाही. दुरुस्तीचा विचार यंत्र घडवण्याआधी करायचा, हे त्या अटींत गृहीत होते. आज तो गाडी विकल्यानंतर, तोही तक्रार आल्यावर होतो.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील मोटार मेकॅनिकच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमातून बाहेर पडणाऱ्या मुलांपुढचा पेच यातूनच उभा राहतो. प्रत्येक कंपनीचे स्वतंत्र उपकरण विकत घेणे तालुक्याच्या गॅरेजला परवडणारे नाही. कंपन्यांनी रास्त शुल्कात सॉफ्टवेअर खुले करावे आणि शासनाने एका संस्थेत सामाईक स्कॅनर ठेवून गॅरेजचालकांना तो वापरू द्यावा, एवढे तरी आजच्या चौकटीत करता येण्याजोगे आहे. त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही.