डायरेक्ट वायर ही दुरुस्ती नव्हे

जुनी गाडी रस्त्यात बंद पडते. सेल्फ फिरतो, पण इंजिन पकडत नाही, कारण पेट्रोल पंपाला वीजच मिळत नाही. मग बॅटरीपासून पंपापर्यंत थेट एक वायर ओढली जाते, पंप घरघरतो, गाडी सुरू होते आणि ‘डायरेक्ट करून दिलं’ म्हणून विषय मिटतो. खरे तर त्या वायरने एवढेच सिद्ध केलेले असते की पंप ठणठणीत आहे आणि बिघाड त्याच्याकडे येणाऱ्या वाटेवर कुठेतरी आहे. ती तपासणी झाली. तपासणीलाच उपचार समजून वायर तशीच ठेवणे हा गाडीवर आणि तिच्यात बसणाऱ्यांवर अन्याय आहे.

या सवयीचे मूळ समजण्यासारखे आहे. बहुतेक अँबॅसिडर आणि पद्मिनी गाड्यांचा पंप इंजिनाच्या कॅमशाफ्टवर चालायचा, त्याला विजेची वायरच नव्हती, म्हणून त्यांवर शिकलेल्या हातांना पंपाची वायरिंग शोधायची सवय लागली नाही. विजेच्या पंपाचे गणित निराळे, आणि तेही गाडीगणिक बदलते. १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमध्ये बनलेल्या एमजीबीत एसयू कंपनीचा पंप किल्ली फिरवताच टकटक करू लागतो आणि दाब भरला की थांबतो. तिथे सुरुवातीची शांतता म्हणजे बिघाड. याउलट बॉशची के-जेट्रॉनिक इंधन यंत्रणा असलेल्या, १९८० च्या आसपासच्या अनेक मर्सिडीजमध्ये इंजिन फिरत असल्याचा संकेत मिळेपर्यंत रिले पंपाला वीज देतच नाही. तिथे नुसत्या किल्लीवर पंप गप्प राहणे स्वाभाविक आहे. हा फरक न जाणता चांगला पंप काढून नवा बसवला, तर मालकाचे पैसे जातात आणि बिघाड जागच्या जागी राहतो.

‘वायर तपासली, बारा व्होल्ट येतात’ हे उत्तरही पुरेसे नाही. पंपाची जोडणी काढून मल्टीमीटर लावला, तर जेमतेम एका तारेवर टिकलेली वायरही बारा व्होल्ट दाखवते, कारण मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही. मोजमाप पंप जोडलेला ठेवूनच व्हायला हवे. एखाद्या गंजलेल्या जोडावर अर्धा ओहम रोध असेल आणि आठ अँपिअर वाहत असतील, तर चार व्होल्ट तिथेच खर्ची पडतात आणि बत्तीस वॅट उष्णता त्या इवल्या जागेत साठते. घरातले सोल्डरिंगचे लोखंड साधारण तेवढ्यावरच तापते. फ्यूजच्या पट्ट्या, रिलेच्या आतले तडकलेले टाके, इग्निशन स्विच आणि सर्वात दुर्लक्षित असे अर्थिंग, या क्रमाने गेले तर दोष बहुधा सापडतो. अर्थिंगच खराब असेल, तर डायरेक्ट वायरचाही उपयोग नाही.

धोका मात्र त्या वायरमध्येच आहे. अपघातात इंजिन बंद पडले की संकेत थांबतो आणि रिले पंपाची वीज तोडतो. रिले वगळला, तर के-जेट्रॉनिकचा पंप सुमारे पाच बार दाबाने फुटलेल्या नळीतून तापलेल्या इंजिनावर पेट्रोल फेकत राहील. यावर कोणी म्हणेल, एमजीबीत असा रिले मुळातच नव्हता. खरे आहे, पण किल्ली बंद केली की तिचा पंप बंद होई. डायरेक्ट वायर तेवढाही ताबा काढून घेते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: रात्री घाटात अडकलेल्या कुटुंबाने काय करावे? त्यांनी जरूर वायर ओढावी, बॅटरीजवळ योग्य क्षमतेचा फ्यूज घालून, मध्ये हाताशी बंद करता येईल असा स्विच ठेवून, आणि घरी पोहोचताच काढून टाकावी.

उरतो पैशाचा प्रश्न, आणि इथे दोष मेकॅनिकपेक्षा आपल्याकडे अधिक जातो. नवा पंप हातात दिला की आपण बिल मुकाट्याने भरतो. दोन तास वायरिंग शोधल्याची मजुरी मागितली की कुरकुर करतो. मग शोधण्यात वेळ कोण घालवेल? जुन्या गाड्या प्रेमाने सांभाळणाऱ्यांनी तपासणीची मजुरी वेगळी द्यावी, आणि बदल्यात बिलावर दोन आकडे लिहून मागावेत: पंप चालू असताना त्याच्या टोकांवर दुरुस्तीपूर्वी किती व्होल्ट होते आणि नंतर किती.