मुलीला नर्सिंगला घालताना

नीटचा निकाल लागला की लातूरच्या उद्योग भवन परिसरातल्या खोल्या आठ-पंधरा दिवसांत रिकाम्या होतात. ज्यांना शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जागा मिळते त्यांचे फोटो चौकाचौकांत फलकांवर झळकतात. बाकीची हजारो लेकरे गादी गुंडाळून एसटीने गावी परततात. त्यांचा फलक कोणी लावत नाही. ‘लातूर पॅटर्न’ची कीर्ती फलकावरच्या लेकरांवर उभी आहे, पण त्याचा खर्च उचलला आहे तो या परतणाऱ्यांच्या बापांनी. २०२४ मध्ये नीटच्या पेपरफुटीचे प्रकरण देशभर गाजले तेव्हा लातुरातून जिल्हा परिषदेच्या दोन शिक्षकांना अटक झाली. त्या वेळी या बापांना काय वाटले असेल, हे विचारायला एकही वाहिनी गेली नाही.

असाच एक बाप मला फोन करतो. कंधार तालुक्यातला. स्वतः गवंड्याच्या हाताखाली काम केलेला, एकरभर कोरडवाहू जमीन, घरात बाबासाहेबांचा मोठा फोटो. मुलगी बारावी सायन्स, नीटमध्ये नंबर लागला नाही. त्याचा प्रश्न एका ओळीचा : “सर, पोरीला नर्सिंगला घालू का?”

मी लगेच ‘घाला’ म्हणालो नाही. कारण त्याच आठवड्यात चळवळीतल्या एका जुन्या कार्यकर्त्याशी माझा वाद झाला होता. ते म्हणाले, “पिढ्यान् पिढ्या घाण उपसली, ती बाबासाहेबांनी सोडायला लावली. आता पोरींच्या हाती पुन्हा बेडपॅन द्यायचे काय?” त्यांच्या रागाला मुळे आहेत. डॉक्टरकीचे फलक कोणाच्या लेकरांचे लागतात आणि एएनएमच्या वर्गात कोणाची लेकरे बसतात, हे डोळे उघडे ठेवणाऱ्याला दिसते. आपल्या मुलीला चांगले मार्क पडले तरी ‘तुमच्यासाठी नर्सिंग बरे, लवकर नोकरी लागते’ असा सल्ला देणारे मास्तर आजही आहेत. हा सल्ला ते आपल्या मुलीला देत नाहीत.

पण हा राग नेमका कशावर काढायचा, हे तपासले पाहिजे. मराठवाड्याच्या गावागावांत बाळंतपण कोण करीत होते? नाळ कोण कापत होते? महारवाड्यातली, मांगवाड्यातली बाई. वाड्यावरच्या बाईचे बाळंतपण तिने करायचे, विटाळ तिने काढायचा आणि वर अंगण बाटले म्हणून पाणी शिंपडून घेतलेले पाहायचे. मोबदला काय? सूपभर जोंधळे, जुने लुगडे. तिच्या हातात जे कौशल्य होते ते डॉक्टरच्या हातात असते तर त्याला विद्या म्हटले असते. तिच्या हातात होते म्हणून ते जातीचे काम झाले. श्रमविभागणीच्या नावाखाली या देशात श्रमिकांचीच विभागणी झाली आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये मांडले ते यासाठीच. कामात रक्त आहे की मळ आहे हा मुद्दा नव्हता. ते काम तू अमक्या पोटी जन्मलीस म्हणून करायचे, नाही म्हणायची सोय नाही आणि दाम मागायचा अधिकार नाही, हा मुद्दा होता.

शुश्रूषा हलकी असती तर सावित्रीमाई १८९७ च्या प्लेगात पुण्यात रोग्यांना उचलायला गेल्या नसत्या. त्यातच त्यांचा १० मार्चला अंत झाला. वरच्या जातींच्या घरांनी मात्र परक्याच्या देहाला हात लावणे अनेक दशके कमीपणाचे मानले. म्हणून या देशात परिचर्येचे शिक्षण मिशनच्या दवाखान्यांनी रुजवले आणि मुंबईची इस्पितळे केरळच्या ख्रिस्ती मुलींनी चालवली. त्या मुलींनी त्या पगारावर मागे घरे बांधली, भावंडे शिकवली, पुढे आखाती देशांत आणि युरोपात गेल्या. त्यांना कोणी विचारले नाही की बेडपॅन का उचलता. कारण त्यांच्याकडे नोंदणी होती, पदविका होती, वेतनश्रेणी होती.

सुईण आणि सिस्टर यांच्यात फरक आहे तो एवढाच, आणि तो फार मोठा आहे. भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा १९४७ चा, महाराष्ट्राचा परिचारिका कायदा १९६६ चा. या कायद्यांमुळे नोंदणी क्रमांक मिळालेल्या बाईच्या हाताची किंमत ठरली. शासकीय अधिपरिचारिकेला सातव्या वेतन आयोगाप्रमाणे ३५,४०० ते १,१२,४०० ही वेतनश्रेणी आहे. बाळंतपणाची भरपगारी रजा आहे. या रजेचे तत्त्व कायद्यात यावे म्हणून १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात बाबासाहेब बोलले होते, हे आपल्या मुलींना कोणी सांगत नाही. अशी नोकरी लागलेली एक मुलगी तीन पिढ्यांचे दारिद्र्य मोडते, हे नांदेड-लातूरच्या अनेक वस्त्यांत घडलेले आहे.

तेव्हा जुन्या कार्यकर्त्याला माझे उत्तर असे की, काम सोडायचे नाही, बलुते सोडायचे. पण खरी मेख पुढेच आहे. सरकार आणि खाजगी संस्था मिळून या कामाचे पुन्हा बलुते करू पाहत आहेत.

मे २०२२ मध्ये राज्यातल्या परिचारिका संपावर गेल्या त्या कशासाठी? परिचारिकांची भरती खाजगी कंत्राटदारामार्फत करू नका यासाठी. ६ सप्टेंबर २०२३ ला शासनाने नऊ खाजगी कंपन्यांमार्फत मनुष्यबळ घेण्याचा निर्णय काढला, गदारोळ झाला आणि ऑक्टोबरात तो रद्द करावा लागला. पाप कोणाचे, यावर सत्ताधारी आणि विरोधक भांडत राहिले. बिंदुनामावलीचे काय होणार होते, यावर दोघेही गप्प. कंत्राटदाराला रोस्टर नसतो. अनुसूचित जातीच्या १३ टक्के जागा कागदावर शाबूत राहतात, फक्त भरायला जागाच उरत नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या सिस्टर वर्षानुवर्षे कंत्राटावर आहेत. दहा वर्षे सेवा झालेल्यांना सामावून घेण्याचा निर्णय मार्च २०२४ मध्ये झाला आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी त्यांना ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा काम बंद करावे लागले.

खाजगीत तर बोलायलाच नको. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानंतर केंद्राने समिती नेमली. दोनशेहून अधिक खाटांच्या खाजगी रुग्णालयाने सरकारी परिचारिकेइतके वेतन द्यावे आणि पन्नासपेक्षा कमी खाटांच्या दवाखान्यानेही महिना वीस हजारांच्या खाली जाऊ नये, अशी शिफारस त्या समितीने केली. ही शिफारस घेऊन कोणत्याही गल्लीतल्या नर्सिंग होममध्ये जा आणि तिथल्या मुलीला पगार विचारा. मला एकीने नऊ हजार सांगितला. बारा तासांची ड्युटी आणि मूळ कागदपत्रे डॉक्टरच्या कपाटात. सूपभर जोंधळ्यांत आणि यात फरक किती?

या कामात माणूस काय सोसतो, ते पाहायला लांब जायला नको. ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर २०२३ या दोन दिवसांत नांदेडच्या विष्णुपुरीतील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बाळे होती. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. औषधांचा तुटवडा, रिक्त पदे, क्षमतेच्या कितीतरी पट रुग्ण, सगळे बाहेर आले. अध्यापन रुग्णालयात तीन खाटांमागे एक परिचारिका, हे परिचर्या परिषदेचे मानक तिथे कोणाला आठवावे? आणि लोकप्रतिनिधींनी काय केले? खासदार हेमंत पाटील यांनी प्रभारी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन शौचालय साफ करायला लावले. अधिष्ठाते आदिवासी समाजाचे. खासदारांवर अ‍ॅट्रॉसिटीचा गुन्हा दाखल झाला. अधिष्ठात्याची ही गत, तिथे रात्रीच्या वॉर्डात एकट्या सिस्टरवर नातेवाईक धावून आले तर तिच्या बाजूने कोण उभे राहणार?

रात्रपाळीचा विषय निघाला की बाप गप्प होतो, आई बोलते. तिची भीती खोटी नाही. केईएमच्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर १९७३ मध्ये रुग्णालयाच्या आवारातच सफाई कामगाराने हल्ला केला आणि त्या २०१५ पर्यंत तशाच पडून होत्या. त्यांची शुश्रूषाही बेचाळीस वर्षे केईएमच्या परिचारिकांनीच केली. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात डॉक्टर मुलीचे काय झाले, ते सगळ्यांनी वाचले आहे. म्हणून मुलीला घरी बसवा असे मी म्हणत नाही. पण कॉलेज पाहायला गेलात तर इमारतीच्या रंगापेक्षा वसतिगृह ते रुग्णालय हा रस्ता रात्री कसा असतो, ते पाहा.

आता कंधारच्या बापाच्या प्रश्नाकडे. एएनएम दोन वर्षांचा, जीएनएम तीन वर्षांचा, बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांची. त्याची मुलगी सायन्सची आहे, जीवशास्त्र आहे. अशा मुलीला दोन वर्षांत उरकते म्हणून एएनएमला घालणे म्हणजे तिचे पंख आपल्या हाताने कापणे. उपकेंद्रावरची एएनएम पाच हजार लोकसंख्या सांभाळते, तिचे काम मोठेच आहे, पण तिला वर चढायला शिड्या कमी. बी.एस्सी. झाली तर एम.एस्सी. आहे, अध्यापन आहे, परदेश आहे. जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी महाराष्ट्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये मनुष्यबळाचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. जर्मन भाषा मात्र शिकावीच लागते.

बी.एस्सी. नर्सिंगला २०२३ पासून राज्याची वेगळी सीईटी आहे. ती द्यायची आणि सीईटी कक्षाच्या फेरीतूनच प्रवेश घ्यायचा. ‘फेरी कशाला, थेट जागा देतो’ म्हणणारा एजंट लातूरच्या बसस्थानकापासूनच मागे लागतो. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला की शिष्यवृत्तीवर पाणी सोडावे लागते, हे तो सांगत नाही. अडीच लाखांच्या आत उत्पन्न असेल तर अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, ६० टक्के केंद्राचे आणि ४० टक्के राज्याचे. पात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी शिक्षण शुल्क उकळू नये, असे आदेश आहेत. तरी उकळतात. पावती मागा. शासकीय वसतिगृह मिळाले नाही तर स्वाधार योजनेचा अर्ज भरा. आणि जात वैधता प्रमाणपत्राची फाईल अकरावीलाच पडताळणी समितीकडे गेली पाहिजे. जुलैमध्ये धावाधाव करणाऱ्यांत आपली लेकरे सर्वांत जास्त असतात, हा आपलाच दोष आहे.

कॉलेज कोणते? शासकीय मिळाले तर दुसरा विचार नको. पण जागा मोजक्या. केंद्राने २०२३ मध्ये १५७ नवी नर्सिंग कॉलेजे मंजूर केली, ती २०१४ नंतर सुरू झालेल्या वैद्यकीय महाविद्यालयांना जोडून. नांदेडचे महाविद्यालय १९८८ चे, लातूरचे २००२ चे, त्यामुळे दोन्ही त्या यादीच्या बाहेर. उरतात साखर कारखानदारांच्या आणि माजी आमदारांच्या संस्था. त्यांतल्या काही बऱ्या आहेत, काही नुसत्या पाट्या. ओळखायचे कसे? परिषदेची मान्यता आणि आरोग्य विद्यापीठाची संलग्नता या वर्षाची आहे का, ते पाहा. मग त्यांचे शंभर खाटांचे रुग्णालय दाखवा म्हणा. दाखवले तर सकाळी अकराला जाऊन खाटांवर रुग्ण आहेत का, ते मोजा. रुग्ण नसलेल्या रुग्णालयात शिकलेली मुलगी सलाईन लावायला पहिल्यांदा नोकरीवर शिकते. बाँड लिहून घेणारी आणि मूळ प्रमाणपत्रे अडकवणारी संस्था असेल तर तिथून उठा.

हे सगळे मी त्या बापाला फोनवर सांगितले. त्याने सारे लिहून घेतले. मग मी विचारले, “पोरीला विचारलंत का?” तो म्हणाला, “तिला काय विचारायचं सर, ती म्हणंल तुम्ही सांगाल ते.” मी म्हटले फोन तिच्याकडे द्या.

तिला मी एवढेच सांगितले की विष्णुपुरीच्या रुग्णालयात एखादा नातेवाईक, शेजारी, कोणीतरी भरती असेलच. त्याच्या उशाशी एक रात्र सोबतीला बस. तिथल्या सिस्टरकडे पाहा. पहाटे चारला उलटी झालेल्या म्हातारीची चादर ती बदलेल, तेव्हा तुला किळस येते की उठून हात लावावासा वाटतो, ते तुझे तुला कळेल. किळस आली तरी लाज नाही. बी.एस्सी., बी.ए., स्पर्धा परीक्षा, रस्ते आहेत.

ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “माझी आजी मागच्या वर्षी तिथंच होती सर. नऊ रात्री मीच होते.”

सीईटीचा अर्ज भरायला ती सोमवारी नांदेडला येते आहे.