चुना, कांदा आणि तापाची गोळी

परवा आमच्या खंड्याला मधमाशी चावली. नाकाच्या शेंड्यावरच! माशी दिसली की तोंड घालायचं, ही त्याची जुनी खोड. पाच मिनिटांत थोबाड फुगलं आणि दहा मिनिटांत सोसायटीतले सगळे वैद्य गोळा झाले. कुणी म्हणे चुना लावा, कुणी कांदा चोळा, कुणी लोखंडाची किल्ली घासा. खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी तर तापाची गोळी आणून हातावर ठेवली. "अर्धीच द्या सर, ठणका थांबेल."

गोळी बघून माझा हात गार पडला.

२००१ सालची गोष्ट. आमच्या मनीच्या पंजाला गांधीलमाशीने डंख केला. बिचारी विव्हळत होती, म्हणून मीच अर्धी पॅरासिटामॉल कुस्करून बळेबळे पाजली. सकाळी हिरड्या तपकिरी, तोंड सुजलेलं, धाप लागलेली. रात्री गेली. घरात सगळ्यांना वाटलं, माशीचं विष भिनलं. जनावरांच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की मांजराच्या यकृताला हे औषध पचवताच येत नाही. रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं. घरी मी हे कधी बोललो नाही. आज लिहितो आहे.

"घरगुती उपायाने अपाय होत नाही" हे वाक्य मला म्हणूनच मान्य नाही. साधी सूज बहुतेक वेळा दिवसभरात आपोआप उतरते, आणि श्रेय मात्र कांद्याला मिळतं. माणूस निदान "झोंबतंय, धुवा" म्हणतो. कुत्रं ते चाटतं. चुन्याने जीभ पोळते, आणि कांदा पोटात गेला तर कुत्र्यामांजरांच्या तांबड्या पेशी फुटतात.

मी एवढंच केलं, नखाने काटा काढला. चिमटीत धरायचा की खरवडायचा, यावर आम्ही पूर्वी वाद घालायचो. पण १९९६ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या प्रयोगाप्रमाणे महत्त्व पद्धतीला नाही, वेळेला आहे. काट्याला विषाची पिशवी असते, ती मागे राहूनही विष सोडत राहते. (गांधीलमाशी काटा सहसा ठेवत नाही, तिथे शोधत बसू नये.) मग थंड पाण्याची पट्टी, आणि तासभर नजर. घशात डंख असता, उलट्या झाल्या असत्या, हिरड्या पांढऱ्या पडल्या असत्या किंवा श्वास अडला असता, तर रिक्षा करून थेट दवाखाना. गोळी द्यायचीच तर तिथले डॉक्टर देतील.

संध्याकाळपर्यंत खंड्याचं नाक उतरलं. वहिनींची गोळी मी "बघू" म्हणत खिशात टाकली होती. त्यांच्याकडेही मांजर आहे. उद्या खाली जाऊन मनीचं सगळं सांगायचं आहे, आणि त्याआधी हिला.