पाचवीला काय पुजले आहे?

मूल जन्मल्यावर पाचवीला जे पुजले जाते ते जन्मभर सुटत नाही, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. त्या पाचवीवर कोणाचा विश्वास असो वा नसो, शाळेतील पाचवीच्या बाबतीत मात्र ती समजूत खरी ठरण्याची वेळ आली आहे. शिक्षणहक्क कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीचा आधार घेऊन महाराष्ट्र शासनाने २०२३ साली पाचवी व आठवीच्या अखेरीस वार्षिक परीक्षेचा नियम केला. तीत अनुत्तीर्ण झालेल्यास पुनर्परीक्षेची संधी आहे. तीही हुकली तर त्याच वर्गात पुन्हा बसणे आले. परीक्षेस आमचा विरोध नाही. तथापि दहा-अकरा वर्षांच्या मुलाच्या कपाळी ‘नापास’ असे लिहिण्यापूर्वी ते नेमके कशात नापास झाले, हे पाहणे आपले कर्तव्य नव्हे काय?

आम्ही स्वतः काही वर्षे हाती खडू घेऊन पाचवीच्या वर्गावर उभे राहिलो आहो. फळ्यावर शाब्दिक उदाहरण लिहिले की मागच्या बाकावरून हमखास प्रश्न येई, ‘‘सर, यात गुणायचे की भागायचे?’’ विचारणाऱ्यास पाढे तोंडपाठ असत; भागाकाराची रीतही अवगत असे. त्याचे अडे ते ‘प्रत्येकी’, ‘उरलेले’, ‘पैकी’ अशा शब्दांपाशी. तेच उदाहरण सावकाश वाचून, घरच्या बोलीत समजावून दिले की पुष्कळांचे उत्तर बरोबर येई. चूक गणिताच्या वहीत दिसे. तिचे मूळ भाषेच्या तासात असे.

‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी सुमारे निम्म्यांनाच दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला. पाहणी खेड्यांतील आहे म्हणून शहरवासीयांनी निश्चिंत राहू नये. आपली मुले घडाघडा वाचतात हे खरे. पण वाचता येणे आणि वाचलेले उमगणे यांत मोठे अंतर आहे.

दुसऱ्या बाजूनेही हेच दिसते. गणिताच्या तासाला मूल कोन मोजते. परिसर अभ्यासाच्या तासाला, पृथ्वी चोवीस तासांत स्वतःभोवती एक फेरी घेते, असे तेच मूल म्हणून दाखविते. आता त्याला विचारा, पृथ्वी एका तासात किती अंशांतून वळते? ३६० ला २४ ने भागून १५ हे उत्तर काढावयाचे, एवढेच काम. परंतु मूल आधी विचारते, ‘‘हे गणितातले की परिसरातले?’’ वेळापत्रक मोठ्यांच्या सोयीसाठी असते. त्यातील भिंती मुलाच्या मनात आपणच उभारल्या. मराठी, हिंदी, इंग्रजी, गणित, परिसर अभ्यास यांची पुस्तके निरनिराळी असतील. ती वाचणारे मूल एकच आहे.

उपाय खर्चाचे नाहीत. पाचवीस शिकविणाऱ्या सर्व शिक्षकांनी आठवड्यातून एक तास एकत्र बसावे, आणि कोणते मूल कोठे अडते हे परस्परांस सांगावे. गणितात अनुत्तीर्ण झालेल्या मुलास पुनर्परीक्षेच्या तयारीत तीच उदाहरणे तोंडी घालून पाहावी. ती सुटली, तर त्यास गणिताच्या नव्हे, वाचनाच्या जादा तासाची गरज आहे असे समजावे. आणि पालकांनी गुणांची चौकशी करण्यापूर्वी घरचे विजेचे बिल मुलापुढे ठेवून ‘यात काय लिहिले आहे ते सांग’ म्हणावे. शिकवणीवर्गाच्या शुल्काहून ही दहा मिनिटे अधिक मोलाची ठरतील.

पाचवीच्या रात्रीचा ललाटलेख कोणी पाहिलेला नाही. प्रगतिपुस्तकावरील शेरा मात्र आपण आपल्या हाताने लिहितो. त्या हाताने क्षणभर थांबून मुलाची वही पुन्हा एकदा पाहावी, इतकेच आमचे मागणे आहे.