रिपोर्ट नॉर्मल आहेत, पाय सुजलेलाच आहे

मालगुंड, ता. जि. रत्नागिरी

प्रति,
मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. जिल्हा शल्यचिकित्सक, रत्नागिरी
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा परिषद, रत्नागिरी
मा. अधिष्ठाता, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, रत्नागिरी



हे पत्र चौघांना एकत्र लिहिते आहे, कारण माझं काम तुमच्यापैकी नेमकं कोणाकडे आहे हे मला आजवर कोणी सांगू शकलेलं नाही. माझा प्रश्नही तोच आहे. ज्याच्या आजाराचं निदान अजून झालेलं नाही, त्या माणसाची जबाबदारी सरकारी आरोग्यव्यवस्थेत कोणाची?

माझा डावा पाय काही वर्षांपासून सुजतो. आधी घोटा भरायचा, मग पाऊल, आता पोटरीही. दुखतो असं नाही, पण दिवस कलला की पाय आपला वाटत नाही इतका जड होतो. बोट दाबलं की खड्डा पडतो आणि बराच वेळ तसाच राहतो. रात्री पायाखाली उशी घेऊन झोपलं की सकाळपर्यंत सूज पुष्कळ उतरते. नेमकी ही उतरलेली वेळ ओपीडीची असते! पहाटे उठून, एस.टी. धरून, रांगेत नंबर लावून मी डॉक्टरांसमोर पोहोचते तेव्हा त्यांना दिसतो तो जरासा फुगलेला पाय. संध्याकाळी सहा वाजता माझ्या ओटीवर बसून हा पाय कुठल्याच डॉक्टरांनी पाहिलेला नाही.

मी अनेक ठिकाणी गेले. सरकारी, खासगी, रत्नागिरीत आणि बाहेरही. कोणाचं नाव घेत नाही, कारण बहुतेकांनी आपापल्या परीने नीट तपासलं. हृदयाच्या डॉक्टरांनी इको करून हृदय चांगलं असल्याचं सांगितलं. किडनी चांगली निघाली, लिव्हर चांगलं निघालं, थायरॉइड ठीक. प्रत्येक खोलीतून मी एकच वाक्य घेऊन बाहेर पडले: "आमच्याकडचं सगळं नॉर्मल आहे." ऐकून बरं वाटायला हवं आणि पहिल्यांदा वाटलंही. पण त्या वाक्यानंतर कागद बंद होतो, पुढच्या पेशंटला हाक जाते, आणि पुढे कुठे जायचं हे कोणी लिहून देत नाही. हृदय ठीक आहे हे कळलं तेव्हा डॉक्टरांचं काम संपलं, माझं तिथून सुरू झालं.

मग सल्ले येतात. मीठ बंद करा, वजन कमी करा, जास्त वेळ उभ्या राहू नका. आमच्याकडे आषाढात लावणीला चिखलात वाकून दिवस काढणाऱ्या आणि टोपली घेऊन दारोदार मासळी विकणाऱ्या बायकांना हे शेवटचं सांगून काय उपयोग? पाणी काढायची गोळी तर जवळजवळ प्रत्येकाने दिली. तिने लघवीला खेपा वाढल्या, पायात गोळे आले, सूज तेवढीच राहिली. घरच्यांनी एरंडाची पानं बांधली, गरम पाण्याने शेकलं. वाडीतल्या एका वडीलधाऱ्यांनी, हे बाहेरचं असेल, देवाला कौल लावा, असं मनापासून सुचवलं. मला त्यांचा राग आला नाही. डॉक्टर काहीच सांगत नाहीत तेव्हा कोणीतरी काहीतरी सांगणारच.

वाचून, विचारून मला जे कळलं ते इथे लिहिते. तुम्हाला ते माहीत आहे. पण हे पत्र गावातही वाचलं जाईल, आणि पाय सुजणारी मी एकटी नाही.

पहिला प्रश्न फार साधा आहे: एक पाय की दोन्ही? दोन्ही पाय सुजत असतील तर हृदय, किडनी, लिव्हर, थायरॉइड, रक्तातलं प्रथिन, पंडुरोग यांच्याकडे आधी बघतात, आणि रोजच्या गोळ्यांकडेही. रक्तदाबावर सर्रास दिल्या जाणाऱ्या अ‍ॅम्लोडिपिनने कित्येकांचे घोटे सुजतात. शेजारच्या एका आजींची सूज त्यांच्या डॉक्टरांनी ती गोळी बदलल्यावर उतरली. तोवर त्या बिचाऱ्या अळणी जेवत होत्या. एकच पाय अचानक सुजला, दुखू लागला, गरम लागला, तर आतल्या शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. ती सुटून फुप्फुसात गेली तर जीव जातो, म्हणून तिथे तासांचा हिशेब असतो. एकच पाय हळूहळू, महिनोन्महिने सुजत गेला तर शिरांच्या झडपा निकामी झालेल्या असू शकतात किंवा लसीका (लिम्फ) वाहून नेणाऱ्या वाहिन्यांचा निचरा बिघडलेला असू शकतो. बाईमाणसाच्या बाबतीत पोटाची सोनोग्राफी विसरून चालत नाही, कारण अंडाशयाची किंवा गर्भाशयाची गाठ आतून दाब देत असेल तर तिची पहिली खूण पायावर दिसू शकते.

हा क्रम एका कागदावर मावतो. तो कागद प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात भिंतीवर लावलेला असावा, ही माझी पहिली मागणी.

आमच्या मालगुंडात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. 2023 च्या 15 ऑगस्टपासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून तपासणीपर्यंत पैसे लागत नाहीत. महालॅब योजनेमुळे केंद्रात घेतलेलं रक्त प्रयोगशाळेत जाऊन रिपोर्ट परत येतो. ही मोठी सोय आहे आणि मी ती मनापासून मानते. मग लघवीतलं प्रथिन, क्रिएटिनिन, अल्ब्युमिन, हिमोग्लोबिन, थायरॉइड या सगळ्या तपासण्या सुजलेल्या पायासाठी एकाच वेळी, एकाच चिठ्ठीवर का होऊ नयेत? आज त्या तुकड्यातुकड्याने, वेगवेगळ्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून, काही दोनदा आणि काही कधीच नाही, अशा होतात.

दुसरी गोष्ट टेपची. आशाताईंकडे शिंप्याची मोजपट्टी द्या. घोट्यावर, पोटरीवर, ठरलेल्या अंतरावर खुणा करून सकाळी आणि संध्याकाळी घेर मोजायचा आणि वहीत लिहायचा. महिन्याभराची अशी वही डॉक्टरांसमोर ठेवली तर सकाळी उतरलेला पाय त्यांना फसवणार नाही. यासाठी यंत्र लागत नाही, निविदा लागत नाही.

यंत्राशिवाय काय होऊ शकतं ते मी अनुभवलं आहे. पुष्कळ फिरल्यावर एका तरुण डॉक्टरीणबाईंनी मला बाकावर बसवलं, चप्पल काढायला लावली आणि पायाच्या दुसऱ्या बोटाच्या मुळाशी कातडी चिमटीत धरून पाहिली. उजव्या पायाची कातडी उचलली गेली. डाव्याची उचललीच गेली नाही, जाड आणि घट्ट लागली. त्या म्हणाल्या, "काकू, हा बहुतेक लिम्फेडेमा आहे." स्टेमरची खूण म्हणतात त्या तपासणीला. कातडी उचलली गेली म्हणून आजार नाही असं ठरत नाही, पण उचलली गेली नाही तर संशय पक्का होतो. त्याआधी इतक्या ठिकाणी माझं रक्त काढलं गेलं, छातीवर जेल लावून पडद्यावर हृदय पाहिलं गेलं, पण माझ्या पायाच्या बोटांना कोणी हात लावला नव्हता.

लिम्फेडेमा, म्हणजे लसीकेचा निचरा बिघडून आलेली सूज, हे वर्णन झालं; कारण अजून मिळालेलं नाही. निचरा का बिघडला? आपल्याकडे याचं सगळ्यात ओळखीचं उत्तर हत्तीरोग. सुश्रुतसंहितेत श्लीपदाचं वर्णन आहे, आणि जिथे जुनं पाणी साचून राहतं अशा मुलखात तो विशेष होतो, असं निरीक्षणही आहे. डोळ्यांनी आणि हातांनी केलेलं निदान होतं ते. पुढे 1872 मध्ये कोलकात्यात टिमथी लुईस यांना माणसाच्या रक्तात हत्तीरोगाच्या कृमीची पिल्लं दिसली, आणि 1877 मध्ये पॅट्रिक मॅन्सन यांनी डासाचा संबंध दाखवला. आज नागपूर, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर या पट्ट्यात घरोघर गोळ्या खाऊ घालण्याची मोहीम चालते, आणि सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत या रोगावर कित्येक वर्षं संशोधन झालं आहे.

हत्तीरोगासाठी माझं रात्रीचं रक्त तपासलं, त्यात काही निघालं नाही. त्यावर "हत्तीरोग नाही" असा शिक्का बसला. पण पाय सुजून वर्षं उलटल्यावर रक्तात कृमी बहुधा सापडतच नाहीत, हे त्याच विषयाच्या पुस्तकांत लिहिलेलं असतं. कोकणातल्या माणसाचं निम्मं आयुष्य चाकरीच्या गावी जातं. मीही लग्नाआधी मुंबईत राहिले. कुठला डास कधी चावला कोणाला ठाऊक? हत्तीरोग असेलच असं मी म्हणत नाही. जन्मजात लसीकावाहिन्या कमी असू शकतात, ओटीपोटात डाव्या शिरेवर धमनीचा दाब असू शकतो, किंवा पूर्वी कधी झालेल्या गुठळीचा हा परिणाम असू शकतो. हे पाहायला कलर डॉप्लर लागतो, कधी सीटी लागतो, आणि लसीकेचा प्रवाह दाखवणारा स्कॅन लागतो. त्या स्कॅनसाठी मला मुंबईचा रस्ता दाखवण्यात आला. सुजलेला पाय खाली सोडून रात्रभर गाडीत बसून जायचं, तारीख घ्यायची, परत यायचं आणि पुन्हा जायचं. घरात कोणी मोकळं असेल तेव्हा.

यात एक गोष्ट मला फार खुपते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे. ते आजार ठरल्यावर, ठरलेल्या उपचारासाठी, रुग्णालयात भरती झाल्यावर मिळतं. आजार कोणता हे शोधण्याचा खर्च, ओपीडीतल्या खेपा, बाहेरचे स्कॅन आणि बुडालेली मजुरी हे सगळं माणूस स्वतः सोसतो. निदान ज्याचं झालं त्याच्यासाठी खिडकी आहे. जो निदान शोधतो आहे त्याच्यासाठी नाही, आणि घरातले दागिने बहुतेक वेळा याच काळात गहाण पडतात.

पर्यटक आमच्या गावात कवी केशवसुतांचं घर आणि स्मारक बघायला येतात. केशवसुत 1905 मध्ये हुबळीला प्लेगने गेले. त्या साथीने सरकारला खडबडून जागं केलं होतं. मुंबईत हाफकिन यांनी लस केली, 1899 मध्ये परळला प्लेगची प्रयोगशाळा उभी राहिली, आणि ती संस्था आजही आहे. पसरणाऱ्या आणि मारणाऱ्या रोगासाठी यंत्रणा हलते, ते योग्यच आहे. पावसाळ्यात लेप्टोच्या तापासाठी आमच्याकडे आरोग्य सेवक घरोघर फिरतात, तेही योग्य. सुजलेला पाय पसरत नाही आणि सहसा मारत नाही. म्हणून त्याचं रजिस्टर नाही, मासिक अहवालात त्याचा रकाना नाही. पण पायाला बारीक चीर पडून जंतू शिरले की थंडी वाजून ताप भरतो, पाय लालबुंद होतो, आणि प्रत्येक अशा झटक्यानंतर सूज थोडी वाढूनच थांबते. पावसात असा ताप आला की लेप्टो का डेंगी याचा तपास होतो, आणि साडीखालचा पाय कोणी पाहत नाही. बायकाही लाजेने दाखवत नाहीत. चप्पल पायात बसत नाही, लग्नकार्याला जाणं नको होतं, घरात उपवर मुलगी असेल तर आईचा पाय लपवला जातो.

म्हणून पुढच्या मागण्या. रत्नागिरीत 2023 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे महिन्यातून एक दिवस, शक्य तर दुपारनंतर, सुजलेल्या पायांसाठी एकत्र ओपीडी ठेवा. फिजिशियन, सर्जन, त्वचारोगतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट एका खोलीत बसतील आणि पेशंटची फाइल एकच राहील. प्रत्येक फाइलवर एका डॉक्टरांचं नाव लिहा. निदान होईपर्यंत तो पेशंट त्यांचा. स्कॅनसाठी मुंबईला पाठवायचं असेल तर तारीख ठरवून, चिठ्ठी देऊन पाठवा, आणि परत आल्यावर रिपोर्ट कोणी पाहायचा तेही आधीच ठरवा. एक पाय अचानक सुजलेल्या माणसाचा डॉप्लर त्याच दिवशी व्हावा, असा लेखी आदेश काढा.

आता उपचारांबद्दल. लिम्फेडेमा समूळ जात नाही, पण आटोक्यात राहतो. पाय रोज साबणाने धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करणं, भेगांना मलम, व्यायाम, थरांची पट्टी, आणि धमन्या ठीक असल्याची खात्री करून मग घट्ट मोजे. केरळात कासारगोडच्या इन्स्टिट्यूट ऑफ अप्लाइड डर्मेटॉलॉजीने आयुर्वेद, योग आणि पट्ट्या यांची सांगड घालून घरच्या घरी करता येतील असे उपचार बसवले आहेत. आपल्याकडे हत्तीरोगाच्या रुग्णांना टब, मग, साबण, टॉवेल आणि मलम असा संच दिला जातो. तोच संच लिम्फेडेमा असलेल्या प्रत्येकाला द्या, मग तो डासाने झालेला असो, कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतरचा असो, की माझ्यासारखा कारण न सापडलेला असो. पट्ट्या आणि मोजे विटतात, सैल होतात, पुन्हा घ्यावे लागतात. ते योजनेत आणा. पट्टी बांधायला एका सिस्टरना शिकवलं तर तालुक्याचं काम होईल.

या पत्राची प्रत मी ग्रामपंचायतीत आणि आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीकडे देते आहे. उत्तर लेखी द्यावं. त्यात निदान एवढं तरी असावं: रत्नागिरी जिल्ह्यात पाय सुजलेल्या आणि सगळे रिपोर्ट नॉर्मल आलेल्या माणसाने कोणत्या वारी, कोणत्या खोलीत, कोणाला भेटायचं. ते कळलं की मी गावातल्या बाकीच्यांना सांगेन आणि पहिल्या तारखेला त्यांना घेऊनच येईन.

आपली,
मालगुंडची एक रहिवासी