सरकारी काम, ठेकेदाराची नोकरी

माझ्या भाच्याला २०१८ साली आधार नोंदणी केंद्रावर काम मिळाले तेव्हा घरात मिठाई वाटली गेली. मुलगा सरकारी ऑफिसात बसणार, गळ्यात ओळखपत्र, समोर संगणक, असे बहिणीने साऱ्या मोहल्ल्यात सांगितले. मीही शाबासकी दिली. तो सरकारचा नव्हे, ठेकेदाराचा माणूस आहे, हे आम्हाला पगार थकला तेव्हा कळले.

आधारचा पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी दिला गेला. एवढे अफाट काम सरकारी नोकरांनी एकट्याने केलेले नाही. प्राधिकरणाने निबंधक नेमले, निबंधकांनी नोंदणी संस्था नेमल्या आणि त्या संस्थांनी आमच्या भाच्यासारखी मुले ठेवली. संस्थेला पैसे मिळत ते यशस्वी नोंदणीच्या हिशेबाने.

आम्हा कापडवाल्यांना ही साखळी नवी नाही. व्यापारी सूत देतो, मागवाला मजुरीवर कापड विणून देतो आणि त्याच्याकडचा कामगार मीटरवर पैसे घेतो. ताक्यात डाग निघाला की कपात वरून खाली सरकते आणि शेवटी कामगाराच्या मजुरीत येऊन थांबते. संगणकाच्या कामातही तेच पाहिले.

ऑपरेटरला परीक्षा पास व्हावी लागते. प्रत्येक नोंदीवर तो स्वतःच्या बोटाचा ठसा देतो, म्हणजे चुकीला जबाबदार तोच. आपल्या लोकांची नावे रेशनकार्डावर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरी. मेहनत करून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या, त्यांचे ठसे मशीन घेत नाही. मागे रांग ओरडते. लोक त्यालाच सरकार समजून शिव्या देतात. नोंद परत आली की ठेकेदार त्याचे पैसे कापत असे.

पुढे तीन महिने पगारच नाही. ठेकेदार म्हणे, सरकारकडून बिल पास झाले नाही. मी स्वतः ऑफिसात गेलो. साहेब म्हणाले, तो आमचा माणूस नाही, ठेकेदाराला विचारा. नेमणूकपत्र मागितले तर मुलाकडे कागदच नव्हता. बँकेच्या पासबुकातील जुन्या पगाराच्या नोंदी तेवढ्या हाती होत्या. त्यांच्या नकला जोडून लेखी अर्ज दिला, पोच घेतली. दोन महिन्यांचे पैसे आले. तिसरा महिना बुडाला तो बुडालाच.

नंतर एका वकील मित्राने समजावले. ठेकेदाराने मजुरी दिली नाही तर ज्याचे काम आहे त्या मुख्य मालकाने ती द्यावी आणि ठेकेदाराकडून वसूल करावी, असे कंत्राटी कामगारांच्या १९७० च्या कायद्यातच होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही ही जबाबदारी कायम आहे. म्हणजे "आमचा माणूस नाही" हे उत्तर पुरेसे नव्हते. पण आम्हाला माहीत नव्हते, म्हणून आम्ही गप्प घरी आलो.

मुलांनी अशी नोकरी करू नये, असे मी म्हणत नाही. भाचा तिथे जे शिकला त्यावरच आज स्वतःचे दुकान चालवतो. पण रुजू होण्याआधी नेमणूकपत्र हातात घ्या. पगार बँकेतच मागा. भविष्य निर्वाह निधीचा नंबर घ्या आणि पैसे खरोखर भरले जातात का, ते दर महिन्याला पाहा. कपात झाली तर कारण लेखी मागा. अनामत मागणाऱ्यापासून दूर राहा.

आता एक गोष्ट आपल्यासाठी. माल दिल्यावर ४५ दिवसांत पैसे मिळावेत म्हणून लघुउद्योजक २००६ च्या कायद्याचा दाखला देतात, आणि ते योग्यच आहे. पण आपल्या गोदामात घड्या घालणाऱ्या मुलाकडे काय कागद आहे? भाच्याच्या पगारासाठी भांडून परत आलो, त्या रात्री मी माझीच वही उघडली. सात माणसे, एकाचेही नेमणूकपत्र नाही. "पार्टीचे पेमेंट आले की देतो" हे वाक्य मीही किती वेळा बोललो होतो. ठेकेदाराचे बोलणे याहून वेगळे नव्हते.

दुसऱ्या महिन्यापासून सातही जणांना कागद दिला आणि पगाराची तारीख ठरवली. पार्टीचे पेमेंट येवो न येवो, ती तारीख चुकत नाही. धंदा त्यामुळे बुडाला नाही.